आणखी एक दिवा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरोघर यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून एक दिवा लावतात. गेल्या वर्षी त्याच संध्याकाळी, अगदी त्याच सुमारास, आमच्या मोटारीनेही एक दिवा लावला. फरक इतकाच, की लोकांनी आपला दिवा तेल-वात घालून हौसेने लावला होता आणि तो वाऱ्याने विझेल की काय ही त्यांना काळजी होती. आमचा आपणहून लागला होता, आणि तो विझत नाही ही आमची काळजी होती.

आम्ही नाशिकहून पिंपळनेरला निघालो होतो. पिंपळनेर हे आमचे गाव. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे आमचे जुने घर आहे, दादा आणि वहिनी आहेत आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आहे. सटाणा मागे पडले, ताहराबाद गेले, की बागलाण सरत येते आणि शेलबारीचा घाट ओलांडला की आमच्या खानदेशात पाऊल पडते. बोरघाट किंवा कसारा पाहिलेल्या माणसांनी त्याला घाट म्हणावे की नुसता चढ, असा वाद घालावा, इतकाच तो घाट. पण त्या चढाच्या मध्यावर आमच्या गाडीने एकाएकी अंग टाकले. पाय पुरता दाबला तरी वेग वाढेना. मागे काळ्या धुराचा लोट, आणि समोरच्या तबकडीत इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा! मागून कांद्याने भरलेली एक पिकअप आली, भोंगा वाजवून पुढे निघाली, आणि जाता जाता तिच्या ड्रायव्हरने माझ्याकडे अशा काही कनवाळू नजरेने पाहिले, की त्यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

मोटारीचे नाव मी सांगणार नाही. बायका निदान उखाण्यात तरी नाव घेतात. मी तसेही घेणार नाही. २०१३ सालच्या दिवाळीत, नोकरीनिमित्त पुण्यास होतो तेव्हा, ती घेतली. डिझेलवर चालणारी, आणि विक्रेत्याने दहा वेळा सांगितल्याप्रमाणे ‘टर्बोवाली’. इतकी वर्षे तिने इमानाने संसार केला. अशा जोडीदाराला म्हातारपणी चारचौघांत नावे ठेवणे बरे नव्हे.

मागच्या बाकावर फराळाच्या डब्यांत बसलेल्या आमच्या चिरंजीवांनी तत्काळ मोबाइल काढला आणि हा दिवा लागण्याची कारणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल राहण्यापासून इंजिन निकामी होण्यापर्यंत चौदा कारणे होती. आमच्या डिझेलच्या गाडीला पहिले लागू नव्हते. चौदाव्यापर्यंत पोचेतो माझा धीर सुटला होता. सौ. मात्र शांत होती. ती एवढेच म्हणाली, “हळू चालवा. आणि पुढच्या वेळी शिट्टी ऐकू आली की तेव्हाच बघत जा.”

“कसली शिट्टी?” मी विचारले.

“गेले दोन महिने वाजतेय ती,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

त्या एका वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. त्याचे कारण पुढे येईल.

पंचवीस-तीसच्या वेगाने, कुंथत कुंथत, आम्ही घरी पोचलो. ओसरीवर आई बसली होती. गाडीला काय झाले, ते दादाला सांगत होतो, तर आई मध्येच म्हणाली, “दिवाईले दिवा लागना, त्यामा घाबरानं काय शे?”

सगळे हसले. मलाही हसावे लागले. पण हसण्याजोगी परिस्थिती नव्हती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. नाशिकच्या डॉक्टरांची तारीख दोन महिने थांबून मिळाली होती, ती भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची. आई एस. टी. त बसायला तयार नव्हती, आणि भाड्याच्या मोटारीत बसणे म्हणजे तिच्या लेखी पैसे पांझरेत सोडणे होते. “तुन्ही गाडीमा येसू, नही ते ऱ्हाऊ दे,” असे तिने आधीच बजावले होते. म्हणजे माझ्या गाडीतून येईन, नाही तर राहू दे. आणि आई एकदा ‘राहू दे’ म्हणाली, की ते राहते, हे आमच्या घरात तीन पिढ्यांना ठाऊक आहे.

रात्री मी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी गाडीचे वय विचारले, किती किलोमीटर झाले ते विचारले आणि गाडी न पाहता निकाल दिला, “टर्बो गेला. ओढून आणा. साठ-सत्तर हजार धरून चाला.” त्या सत्तर हजारांत मुलाच्या कॉलेजचे वर्षाचे शुल्क होते. मला रात्रभर झोप लागली नाही.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून दादा मला गावातल्या एका मिस्त्रींकडे घेऊन गेला. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, आणि तिच्यात कांद्याच्या दोन पिकअप आणि एक ट्रॅक्टर. मिस्त्रींचे वडील विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त करीत. मुलगा त्याच हत्यारांवर वाढला आणि मोटारींकडे वळला. वय चाळिशीचे असेल. मला वाटले होते, गडी आता बॉनेट उघडील आणि पाना हातात घेईल. त्याने स्टूल पुढे केले, चहा सांगितला आणि विचारायला सुरुवात केली.

“भाऊ, दिवा लागला तेव्हा गाडी चढावर होती की सपाटीला? इंजिन थंड होतं की तापलेलं? दिवा मिचमिचत होता की नुसता जळत होता? धूर काळा, निळा की पांढरा? तेलाचा लाल दिवा तर लागला नाही ना?”

मी उत्तरे देत गेलो. प्रत्येक प्रश्नाचे कारणही तो सांगत होता, ते माझ्यासारख्या अडाण्याला फार उपयोगी पडले. वाचकांपैकी पुष्कळांच्या दारी आता मोटार आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तेलाच्या बुधल्याचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर आहे तिथे गाडी थांबवून इंजिन बंद करावे; त्या वेळी घर जवळ आले हा विचार करू नये. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर जळत असेल, तर गाडी सहसा हळूहळू मुक्कामापर्यंत नेता येते, पण लौकर दाखवावी. पेट्रोलच्या गाडीत तोच दिवा मिचमिचू लागला, तर बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडत असते आणि ते पुढे धूर शुद्ध करणारे महागडे यंत्र जाळून टाकते. तेव्हा पाय काढावा आणि थांबावे. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण त्याला जळायला हवा पुरत नाही. निळा म्हणजे तेल जळते आहे.

“आमचा काळा,” मी म्हणालो.

“मग आपल्याला हवा कुठे जाते ते शोधायचंय,” मिस्त्री म्हणाले. “आता दोनच प्रश्न. हा दिवा आधी कधी लागला होता?”

“नाही,” मी म्हणालो.

“गाडी खालून कुठं आपटली होती?”

“छे!” मी म्हणालो.

खोटे बोलताना माणूस लहान शब्द वापरतो, हे मला त्या दिवशी समजले.

खरी गोष्ट अशी होती. ऑगस्टात, आमच्या सोसायटीच्या आवारात, मी गाडी पुढे घेताना एका दगडावर चढवली होती. बागेच्या कडेला लावलेला पांढरा रंग दिलेला दगड. तो सगळ्यांना दिसतो, फक्त मला दिसला नाही. खालचे प्लास्टिकचे झाकण फाटले. ‘तुम्हांला आता रात्री नीट दिसत नाही, चश्मा बदला,’ असे सौ. चार महिने सांगत होती. ह्या दगडाने तिचे म्हणणे सिद्ध झाले असते. म्हणून मी गुपचूप ते झाकण बसवून घेतले. आठवड्याने पिवळा दिवा लागला. रस्त्यावरच्या एका माणसाने दोनशे रुपये घेऊन एक छोटेसे यंत्र जोडले आणि दोन मिनिटांत तो घालवला. मला वाटले, काम झाले. दसऱ्यानंतर पुन्हा लागला, पुन्हा घालवला. शिट्टी मलाही ऐकू येत होती. मी गाण्याचा आवाज वाढवीत होतो.

हे सगळे त्या स्टुलावर बसून सांगायला काहीच हरकत नव्हती. पण शेजारी दादा होता. दादाला सांगितले म्हणजे वहिनीला कळले, आणि वहिनीला कळले म्हणजे सौ. ला कळले.

मिस्त्रींनी मग आपले यंत्र काढले. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, सोळा टाचण्यांचे एक खोबण असते. तिथे ते जोडले. पडद्यावर अक्षरे उमटली: पी-०२९९. हा झाला गाडीचा संकेत. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरचा विभाग, पुढचे शून्य म्हणजे हा संकेत सर्व कंपन्यांना सारखाच, आणि बाकीच्या अंकांचा अर्थ, टर्बोकडून हवी तितकी हवा दाबली जात नाही.

“म्हणजे टर्बो गेला,” मी हताशपणे म्हणालो.

“असं कुठं लिहिलंय?” मिस्त्री म्हणाले. “घरात पाण्याचा दाब कमी आला तर पंप जळाला म्हणाल का? नळी फाटली असेल, टाकी रिकामी असेल, चावी अर्धी असेल. हा आकडा त्रास सांगतो, रोग नाही सांगत.”

मग त्यांनी टर्बो म्हणजे काय ते मला समजावले. आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. टर्बो ही इंजिनाच्या पोटातली पवनचक्की. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर वाया जाण्याऐवजी एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असते, ते बाहेरची हवा ओढून दाबते. दाबलेली हवा तापते, म्हणून ती एका जाळीतून थंड करून घेतात आणि रबरी नळ्यांतून इंजिनात कोंबतात. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते. म्हणून लहान इंजिन मोठ्याचे काम करते. ब्राह्मणवेलची पाती मिनिटाला पंधरा-वीस फेरे घेत असतील. हे बोटाएवढे चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. ते तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असते. म्हणून तेल वेळेवर बदलावे, आणि घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता ते मिनिटभर नुसते चालू ठेवावे.

पुढे नाशिकला आल्यावर मी ह्या विषयावर थोडे वाचले. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या एका स्विस इंजिनिअरने १९०५ साली ह्या कल्पनेचे पेटंट घेतले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस ह्याने विमानाचे एक इंजिन ट्रकवर घालून पाइक्स पीक ह्या चौदा हजार फूट उंच पर्वतावर नेले. उंचावर हवा विरळ, तिथे इंजिन दम टाकते. टर्बो लावल्यावर ते पुन्हा जोमाने चालू लागले. १९६२ साली अमेरिकेत पहिल्यांदा तो बाजारातल्या मोटारींत आला. म्हणजे डोंगर चढण्यासाठी जे यंत्र नावारूपाला आले, तेच आमच्या शेलबारीत हटून बसले होते.

त्या पिवळ्या दिव्याची जन्मकथा तर आणखी मनोरंजक आहे. मला वाटे, तो मालकाच्या सोयीसाठी लावलेला असतो. तसे मुळीच नाही. लॉस एंजेलिस शहरावर मोटारींच्या धुराचा दाट थर साचू लागला, लोकांचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने नियम केले, की मोटारीने आपला धूर बिघडला तर स्वतः सांगितले पाहिजे. तिथे १९८८ सालच्या मोटारींपासून हे सुरू झाले, आणि १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत एकाच पद्धतीचे खोबण आणि एकाच पद्धतीचे संकेत आले. आपल्याकडे भारत स्टेज-४ च्या गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून ह्या पद्धतीचा पहिला टप्पा आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा बंधनकारक झाला. थोडक्यात, तो दिवा माझ्यासाठी नव्हे, तर माझ्या मागून चालणाऱ्यांसाठी आहे. मी दोनशे रुपयांत तो विझवीत होतो!

असो. पिंपळनेरच्या त्या शेडमध्ये मिस्त्रींनी यंत्रावर आणखी एक कळ दाबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “भाऊ, संकेत पुसल्यापासून गाडी चारशे बारा किलोमीटर चाललीय, असं हे म्हणतंय.”

हे असले काही त्या यंत्राला समजत असेल, ही मला कल्पनाच नव्हती. मी घसा साफ केला. “हो, एकदा... म्हणजे दोनदा लागला होता. किरकोळ होता. घालवला.”

दादाने माझ्याकडे पाहिले. मिस्त्री रागावले नाहीत. “घालवला ते ठीक. पण पुसताना दिवा लागला त्या घडीची नोंदपण पुसली जाते. वेग किती, भार किती, इंजिन किती तापलेलं, सगळं त्यात असतं. पंचनामा करायच्या आधी जागा धुऊन काढल्यासारखं झालं.” मग थांबून त्यांनी पुन्हा विचारले, “खालून मार नक्की नाही ना? नसेल तर खालचं शेवटी बघू. झाकण, बंपर काढायला वेळ जातो.”

इथे मला दुसरी संधी होती. मी ती घालवली. “नाही,” मी म्हणालो.

त्या एका ‘नाही’वर त्या भल्या माणसाने अर्धा सणाचा दिवस घालवला. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवली आणि दाबाचा आकडा पाहिला. तो बाहेरच्या हवेइतका, शंभराच्या थोडा आत होता, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर शुद्धीवर होता. हवेची गाळणी काढून झटकली. वरच्या नळ्यांवर साबणाचे पाणी मारले. टर्बोचे तोंड उघडून आतले चाक बोटाने हलवून पाहिले. त्याला ना जास्तीची हालचाल होती, ना ते कडेला घासल्याची खूण. मग यंत्र लावूनच आम्ही शेलबारीच्या चढावर गेलो. तिथे इंजिन मागत होते दोनशे दहा, आणि मिळत होते एकशे चाळीस. सपाटीला मात्र मागणी आणि पुरवठा जवळजवळ सारखे.

संध्याकाळी मिस्त्रींनी हात पुसले. “वरचं सगळं नीट आहे. आता खालचं उघडायचं, नाहीतर टर्बो उतरवायचा. उद्या लक्ष्मीपूजन, परवा पाडवा, मग भाऊबीजेला बहिणीकडे जायचंय. नंतर चार दिवस गाडी ठेवा.”

म्हणजे आईची तारीख चुकणार होती. दोन महिन्यांनी मिळालेली तारीख, एका पांढऱ्या दगडापायी.

लक्ष्मीपूजन झाले. ओसरीवर पणत्या लागल्या. आईने एक एक पणती हाताने चाचपून पाहिली, ती सरळ आहे ना, म्हणून. पूर्वी हे ती दुरून पाहूनच सांगत असे. ते पाहिले आणि मला राहवले नाही. सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, “ऑगस्टात मी गाडी दगडावर घातली होती. दिवा तेव्हापासूनचा आहे. मी मिस्त्रींना खोटे सांगितले.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग सौ. अनारशावर खसखस दिसते की नाही ते निरखीत म्हणाली, “मला ऑगस्टपासूनच ठाऊक आहे. दगडावरचा रंग गाडीला लागला होता. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता.”

तेवढ्याने सुटलो म्हणायचे. मी तसाच उठून मिस्त्रींच्या घरी गेलो. त्यांच्याकडेही पूजा चालली होती. चौरंगावर लक्ष्मीशेजारी पाने, पक्कड आणि ते यंत्रही मांडले होते. मी दारातच उभा राहून सगळे सांगितले. त्यांनी प्रसाद हातावर ठेवला आणि म्हणाले, “मग टर्बोला हात लावायचं कारण नाही. पाडव्याला सकाळी सातला आणा. तासाभराचं काम असेल.”

पाऊण तासाचेच निघाले. खालचे झाकण काढले. हवा थंड करणाऱ्या जाळीकडून इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी तिथे होती. मिस्त्रींनी एका प्लास्टिकच्या बुचाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. ते बूच हवेच्या वाटेवर लावून त्यांनी कॉम्प्रेसरने बेताची हवा भरली आणि नळीवर साबणाचा फेस लावला. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो, त्यातलाच प्रकार. नळीच्या टोकाला, पट्ट्याजवळ, फुसफुस करून बुडबुडे आले. दगडाने पट्टा चेपला होता आणि त्याच्या कडेने रबर अर्ध्या बोटभर फाटले होते. भोवती तेलकट धूळ चिकटलेली होती, ती पाहताच मिस्त्री म्हणाले, “ही बघा सही. आतली हवा तेलाचा वास घेऊन बाहेर पडते, तिथं धूळ धरते.” हवा काढली की ती चीर ओठ मिटावेत तशी मिटे. म्हणून गाडी नुसती उभी असताना किंवा सपाटीला काही कळत नव्हते. चढावर दाब वाढला, की ती उघडे आणि शिट्टी वाजवी.

नळीत थोडी सैल होती. फाटके टोक कापून, नवे दोन पट्टे आवळून त्यांनी ती बसवली. “हे नाशिकपर्यंतचं. तिथं नवी नळी घाला.” मग त्यांनी संकेत पुसला. ह्या वेळी दुरुस्ती आधी आणि पुसणे नंतर! शेलबारीवर पुन्हा गेलो. इंजिनाने दोनशे दहा मागितले, दोनशे आठ मिळाले. काळा धूर नाही, शिट्टी नाही. मी पैसे विचारले, तर पट्ट्यांचे तेवढे द्या म्हणाले. पुष्कळ आग्रह केला तेव्हा पाडव्याची बोहनी म्हणून पाचशे रुपये घेतले. अर्ध्या दिवसाच्या फुकट गेलेल्या मेहनतीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. ते माझ्या मनाला अजून लागून आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन निघालो. गाडीने घाट सहज ओलांडला. वाटेत सौ. ने आईला दगडाची हकीकत मीठमसाला लावून पुन्हा सांगितली. आई खूप हसली. मग बराच वेळ गप्प राहिली. ताहराबाद मागे पडल्यावर माझ्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाली, “मन्हा डोयामा रातले ईज चमकस.”

रात्री तिच्या उजव्या डोळ्यात वीज चमकल्यासारखे होत होते. काळे ठिपकेही तरंगत. श्रावणापासून. दादाला सांगितले नाही, कारण तो आधीच पिकाच्या काळजीत. मला सांगितले नाही, कारण मी लांब. ऑगस्टअखेरीस डॉक्टरांनी पहिल्यांदा तपासले, तेव्हा त्यांनी विचारले होते, “आजी, आणखी काही त्रास?” आणि आई म्हणाली होती, “काही नाही.” शब्द लहानच होता.

ह्या वेळी मी तिच्या वतीने आधी तेच सांगितले. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून, पडदा पुन्हा कडेपर्यंत तपासला. उजव्या डोळ्याच्या पडद्याला कडेला एक बारीक चीर होती. तसेच राहिले असते तर पडदा सुटून डोळा जाण्याची भीती होती, असे ते म्हणाले. त्याच दिवशी लेझरने ती जागा भोवतालून पक्की केली. मोतीबिंदूचे काम नंतर, जानेवारीत झाले. आई आता पणती चाचपीत नाही. चाळशी लावून पंचांग वाचते आणि दादाच्या हिशेबातल्या चुका काढते.

मीही चश्मा बदलला. तो पांढरा दगड आता मला फाटकापासून दिसतो.

सकाळी गाडीची किल्ली फिरवली, की तबकडीतले सगळे दिवे एकदम लागतात. इंजिन सुरू झाले, की ते विझतात. मिस्त्रींनी जाता जाता सांगितले होते, की ह्यात तो पिवळा दिवाही लागला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कोणीतरी तो काढून ठेवला आहे असे समजावे; आणि जुनी गाडी विकत घेताना तर हे आधी पाहावे. तेव्हापासून मी रोज तो दिवा लागतो आणि विझतो हे बघूनच गाडी हलवतो. मग रात्री पिंपळनेरला फोन लावतो. आई विचारते, “गाडी कशी शे?” मी म्हणतो, बरी आहे. आणि मग मी विचारतो, “डोळ्यात काही चमकतं का?”

“काही नाही,” आई म्हणते.

“खरंच काही नाही?” मी पुन्हा विचारतो. दुसऱ्यांदा विचारल्यावर ती थोडी थांबते, आठवून पाहते, आणि मग जे असेल ते सांगते.